मजकूर आणि मांडणी



आपल्या भाषेंत 'हरताळ फासणें' असा एक वाक्प्रचार आहे. एखाद्याच्या केल्या कामाचा नाश करणें, असा त्याचा अर्थ आपण आज घेतों. परंतु हा शब्द मूळचा लेखनिकाच्या बैठकींतला आहे. हातानें पोथ्या उतरून घेण्याच्या काळीं चुकलेल्या अक्षरावर हरताळ ह्या पिवळ्या द्रव्याचा लेप देत, आणि तो वाळला म्हणजे त्यावरच नवें अक्षर लिहीत. त्याच बैठकींत तांबड्या शाईची दौतही असे. अध्यायाची समाप्ति, बोलणाराचें नांव, श्लोकाचा आंकडा, हीं तांबड्या शाईनें लिहावयाचीं आणि बाकीचा मजकूर काळ्या शाईनें. ज्या कवीनें ग्रंथ रचला त्यानें तांबडी शाई कोठें वापरावी हें सांगून ठेविलेलें नसे. तें काम पोथी उतरणाराचें. म्हणजे, मजकूर ही एक गोष्ट आणि तो दिसावा कसा ही दुसरी गोष्ट, हा भेद आपल्या पूर्वजांना चांगला ठाऊक होता. पुढें छापखाने निघाले तेव्हां हें दुसरें काम खिळे जुळविणाराकडे आलें. संपादकानें हस्तलिखिताच्या समासांत 'मथळा ठळक', 'येथून बारीक टाइप', 'नवा परिच्छेद' अशा खुणा कराव्या आणि कंपोझिटरनें त्या बरहुकूम पार पाडाव्या, अशी रीत पडली.

ह्या समासांतल्या खुणांचें पुढें काय झालें, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. संगणकावर लेखन करण्याचे जे कार्यक्रम आहेत, ज्यांना आपण वर्ड प्रोसेसर म्हणतों, ते आज मथळे मांडतात, परिच्छेदांना आंकडे घालतात, अवतरणचिन्हें वळवितात, आणि न सांगतां आपलीं अक्षरेंही बदलतात. हें सामर्थ्य त्यांच्या ठिकाणीं आलें कोठून, आणि त्यांतील किती भाग आपण मागितलेला होता? माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, आयुष्य शाळामास्तरकींत गेलेलें; संगणकशास्त्रांत माझा अधिकार नाहीं. परंतु एका लहानशा प्रकरणांत ह्या यंत्राच्या आगाऊपणानें माझे हात पोळले, आणि तेव्हांपासून त्याची वंशावळ शोधण्याचा मला नाद लागला. तें प्रकरण योग्य जागीं सांगेनच.

प्रथम टाइपरायटरला नमस्कार केला पाहिजे, कारण पुढील बऱ्याच वाईट संवयींचा उगम तेथें आहे. अमेरिकेंतील मिलवॉकी शहरच्या ख्रिस्तोफर शोल्स ह्याला १८६८ सालीं ह्या यंत्राचें एकस्व मिळालें व १८७४ च्या सुमारास रेमिंग्टनच्या कारखान्यांतून तें विक्रीस निघालें. ह्या यंत्रानें लेखक आणि कंपोझिटर ह्यांना एकाच खुर्चीवर बसविलें. अक्षराचा आकार एकच, जाडी एकच. मथळा वेगळा दाखवावयाचा तर इंग्रजींत सगळीं मोठीं अक्षरें घालावीं किंवा खालीं रेघ ओढावी. आपल्या देवनागरीला मोठी लिपि नाहीं, म्हणून आपल्यापुढें रेघ हा एकच उपाय, आणि ती रेघ उकाराच्या पोटांतून आरपार जावयाची. मथळा मध्यभागीं आणावयाचा असला तर अक्षरें मोजावयाचीं, ओळींतून तीं वजा करावयाचीं, उरलेल्याचें अर्ध करावयाचें आणि तितक्या वेळां जागा सोडणारी पट्टी दाबावयाची. हा हिशेब टंकलेखनाच्या वर्गांत शिकवीत असत. बोटांना एकदां लागलेली ती संवय यंत्र बदललें तरी सुटली नाहीं.

समासांतल्या खुणा संगणकांत प्रथम कशा शिरल्या त्याची हकीकत मोठी साधी आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेंत १९६४ सालीं जेरोम साल्ट्झर नांवाचा विद्यार्थी आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधाचा आराखडा लिहीत होता. एकाच मोठ्या संगणकावर अनेकांनीं एकाच वेळीं काम करावें, अशी व्यवस्था तेथें नुकतीच झालेली होती. साल्ट्झरनें आपल्या सोईसाठीं दोन कार्यक्रम रचले. एकांत मजकूर लिहावयाचा व दुरुस्त करावयाचा. दुसरा, ज्याचें नांव 'रनऑफ', त्यानें तो मजकूर नीट मांडून कागदावर उतरावयाचा. मांडणीची आज्ञा द्यावयाची असेल तेथें ओळीच्या आरंभीं एक टिंब द्यावें आणि पुढें 'मध्यभागीं घे', 'एक ओळ सोड', 'नवें पान कर' अशा अर्थाचा एकेक शब्द लिहावा. ती टिंबाची ओळ कागदावर छापली जात नसे. ती फक्त यंत्रानें वाचावयाची. संपादकाच्या समासांतली खूण ती हीच, केवळ समासांतून उतरून ओळींत येऊन बसली.

ह्या टिंबाच्या आज्ञांचा वंश फार वाढला. न्यूजर्सींतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन, डेनिस रिची आणि त्यांचे सहकारी यूनिक्स नांवाची नवी संगणकव्यवस्था घडवीत होते, पण तिच्यासाठीं यंत्र घेण्यास वरिष्ठांची संमति मिळेना. तेव्हां त्यांनीं, प्रयोगशाळेच्या एकस्व-खात्याला अर्ज टाइप करण्याचें साधन करून देतों, असें सांगून १९७० च्या सुमारास यंत्र पदरांत पाडून घेतलें. अर्जांची मांडणी करणारा कार्यक्रम सिद्ध झाला, खात्यांतील टंकलेखक १९७१ सालीं तो वापरूं लागले, आणि त्यांच्या पाठीवर बसून यूनिक्स मोठें झालें. ज्या व्यवस्थेच्या तत्त्वांवर आज जगांतील असंख्य संगणक चालतात तिचें पहिलें अन्न कचेरींतील टंकलेखनाच्या मेजावरचें आहे, ही गोष्ट मला फार गोड वाटते. तेथीलच जो ओसाना ह्यानें पुढें १९७३ च्या सुमारास प्रकाशाक्षरजुळणीच्या यंत्रासाठीं 'ट्रॉफ' नांवाचा कार्यक्रम लिहिला.

परंतु ह्या सर्व आज्ञा 'काय करावें' हें सांगणाऱ्या होत्या: इतकी जागा सोड, इतकें आंत सरक. 'हें काय आहे' हें सांगणारी आज्ञा निराळी. मुलाला आपण 'दोन बोटें जागा सोडून तिसऱ्या ओळीवर लिही' असें सांगूं शकतों, किंवा 'हा धड्याचा मथळा आहे' असें सांगूं शकतों. दुसरें सांगितलें तर मथळा कसा लिहावयाचा हें शाळेनें एकदां ठरवून द्यावयाचें. मग वर्गांतील चाळीसही वह्यांत तो सारखा. ह्या भेदाचें महत्त्व विल्यम टनिक्लिफ ह्यानें १९६७ सालीं कॅनडाच्या सरकारी छापखान्यांत भरलेल्या एका सभेंत मांडलें. आशय आणि त्याचें रूप हीं अलग ठेवावीं, असा त्याचा आग्रह होता. पुढें दोनच वर्षांनीं आय. बी. एम. कंपनींतील चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी ह्यांनीं ह्या विचाराला एका खूणभाषेचें रूप दिलें. गोल्डफार्ब हा पेशानें वकील. वकिलांच्या कचेऱ्यांसाठीं त्यांना अशी योजना हवी होती कीं, एकच दस्तऐवज दुरुस्तही करतां यावा, त्यांतील मजकूर शोधतांही यावा आणि तो छापतांही यावा. हीं तीन कामें करणारे तीन कार्यक्रम आपआपल्या खुणा मागत. एकाच्या खुणा दुसऱ्यास कळत नसत. उपाय एकच होता: खुणेनें छपाईविषयीं कांहीं बोलूंच नये, फक्त 'हा मथळा', 'हा परिच्छेद', 'ही टीप' इतकेंच सांगावें. भाषेचें नांव जी. एम. एल.; गंमत अशी कीं, हींच त्या तिघांच्या आडनांवांचीं आद्याक्षरें. तिचें विस्तृत रूप १९८६ सालीं आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य झालें, आणि जागतिक जाळ्यावरील पानें ज्या एच. टी. एम. एल. भाषेंत लिहितात ती तिचीच मुलगी.

येथें डोनाल्ड नूथ ह्या थोर गणितज्ञाची कथा सांगितल्यावांचून पुढें जाणें अन्यायाचें होईल. संगणनशास्त्रावर त्याचा एक बहुखंडी ग्रंथ आहे. त्याचा दुसरा खंड पहिल्यानें छापला तो जुन्या रीतीनें, तापल्या धातूच्या खिळ्यांनीं. पानें अशीं देखणीं कीं, पाहात राहावें. १९७७ च्या वसंतांत दुसऱ्या आवृत्तीचीं प्रूफें त्याच्या हातीं आलीं. तोंवर ती जुनी विद्या मावळून फोटोंवरून जुळणी करण्याची रीत आली होती. प्रूफें पाहून नूथचें मन विटलें. आपल्या ग्रंथाला हें रूप? त्यानें हातांतील लेखन बाजूला ठेवलें आणि अक्षरजुळणी करणारा कार्यक्रम स्वतःच लिहावयास घेतला. सुटीच्या एका वर्षांत हें काम उरकेल अशी त्याची अपेक्षा होती. तें पूर्णत्वास जाण्यास सुमारें दहा वर्षें लागलीं. त्याचें नांव 'टेक्'. ओळ कोठें मोडावी ह्या प्रश्नाचा त्यानें व मायकेल प्लास ह्यानें केलेला विचार तर प्रत्येक मुद्रकानें वाचण्याजोगा आहे. साधा कार्यक्रम एक ओळ भरली कीं दुसरी घेतो. मागें वळून पाहात नाहीं. टेक् सबंध परिच्छेद एकदम पाहातो. ह्या ओळींत एक शब्द कमी घेतला तर पुढें चौथ्या ओळींत जीं भोकें पडणार आहेत तीं टळतात काय, असा हिशेब करून सर्व परिच्छेद मिळून कमींत कमी कुरूप होईल अशी मांडणी तो निवडतो. चांगला कंपोझिटर हेंच डोळ्यांनीं करीत असे; पण त्याला मागची ओळ पुन्हां सोडविण्याचा कंटाळा येई, यंत्राला तो येत नाहीं.

आतां दुसऱ्या घराण्याकडे वळूं. कॅलिफोर्नियांतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेंत १९७३ सालीं आल्टो नांवाचा संगणक तयार झाला. त्याच्या पडद्यावर हवीं तशीं अक्षरें रेखाटतां येत. पुढील वर्षीं बटलर लॅम्प्सन व चार्ल्स सिमोनी ह्यांनीं त्यासाठीं 'ब्राव्हो' हा लेखनाचा कार्यक्रम रचला. त्यांत टिंबाच्या आज्ञा दिसेनाशा झाल्या. ठळक अक्षर ठळकच दिसूं लागलें. पडद्यावर जें दिसेल तेंच कागदावर उतरेल, असें हें वचन होतें. वचन मोठें मोहक! पण त्यांत एक तोटा दडलेला होता. मथळा आहे म्हणून ठळक, कीं लिहिणाराला लहर आली म्हणून ठळक, हें पडद्याकडे पाहून कळण्यास आतां मार्ग उरला नाहीं. 'हें काय आहे' हा प्रश्न पुन्हां 'हें दिसतें कसें' ह्या प्रश्नाखालीं गडप झाला.

सिमोनी हा बुडापेस्टचा. पोरवयांत मायदेश सोडून तो आधीं डेन्मार्कला आणि मग अमेरिकेस गेला. १९८१ सालीं तो मायक्रोसॉफ्ट कंपनींत दाखल झाला, आणि त्याच्या देखरेखीखालीं रिचर्ड ब्रॉडी ह्यानें लिहिलेला 'वर्ड' हा कार्यक्रम १९८३ सालीं बाहेर पडला. त्याची नमुन्याची तबकडी एका मासिकाच्या अंकासोबत वाचकांना वांटली होती. ह्या कार्यक्रमांत वरील तोट्यावर उतारा म्हणून 'स्टाइल' ही योजना होती. कल्पना अशी कीं, 'मथळा' ह्या नांवाखालीं आकार, जाडी, वरखालची जागा, हें सर्व एकदां नोंदवून ठेवावें आणि जो जो मथळा असेल त्यास तें नांव लावावें. उद्यां आकार बदलावासा वाटला तर एका जागीं बदलला कीं तीनशें पानांत बदलतो. शिवाय कोणतीं वाक्यें मथळे आहेत हें यंत्राला ठाऊक असल्यामुळें अनुक्रमणिका तें स्वतः तयार करूं शकतें. म्हणजे गोल्डफार्बचा विचार ब्राव्होच्या पडद्यामागें आणून बसविला होता.

योजना सुंदर, पण लोकांनीं ती घेतली नाहीं. आमच्याच शाळेच्या कचेरींत मीं वर्षानुवर्षें पाहिलें आहे. मथळा मध्यभागीं आणावयाचा तर पट्टी वीस-बावीस वेळां दाबावयाची, मग ठळकचें बटण, मग आकाराचा आंकडा वाढवावयाचा, आणि पुढील मथळ्यास हेंच पुन्हां पहिल्यापासून. कारकुनाला दोष देण्याचें कारण नाहीं. त्याच्या बोटांना टाइपरायटरनें शिकविलें होतें, आणि पडद्यावर जें दिसत होतें तें बरोबरच दिसत होतें. जो मनुष्य दोन पानांचें पत्र लिहितो त्यास तीनशें पानांच्या सोईचें काय होय? जगभर हीच अवस्था होती. तेव्हां कार्यक्रम करणारांच्या मनांत निराळा विचार आला. लोक जर यंत्राला सांगत नाहींत, तर यंत्रानेंच ओळखावें! येथें सेवकानें सांगितलेलें काम करण्याची मर्यादा ओलांडली, असें माझें मत आहे.

ही गोष्ट १९९३ सालच्या आवृत्तीपासून ठळक दिसूं लागते. मायक्रोसॉफ्टमधील डीन हॅकॅमोविच ह्या तरुणाचें लक्ष एका क्षुल्लक चुकीकडे गेलें. इंग्रजींत सर्वांत अधिक येणारा जो 'द' हा शब्द, त्याचीं अक्षरें घाईंत उलटसुलट पडतात. टांचणांत ठेवलेला मजकूर एका कळीसरशी घालण्याची सोय कार्यक्रमांत पूर्वींपासून होती. तिचाच उपयोग करून चुकलेल्या शब्दाच्या जागीं बरोबर शब्द घालतां येई. पण त्यासाठीं निराळी कळ दाबावी लागे. हॅकॅमोविचच्या ध्यानांत आलें कीं, शब्द संपला म्हणजे लिहिणारा जागेची पट्टी दाबतोच. मग तीच दाबतांना दुरुस्ती कां होऊं नये? झालें. आपोआप दुरुस्तीचा जन्म ह्या पट्टीवर झाला. दोन वर्षांनीं, १९९५ च्या आवृत्तींत, चुकीच्या शब्दाखालीं तांबडी नागमोडी रेघ आली आणि लिहितां लिहितांच मांडणी करण्याची रीतही आली. ओळीच्या आरंभीं एकाचा आंकडा व टिंब देऊन वाक्य लिहिलें कीं, पुढच्या ओळीस दोनाचा आंकडा हजर. तीन आडव्या रेघा काढून ओळ सोडली कीं, पानाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग रेघ. सरळ अवतरणचिन्ह वळून उभें राही. ह्यांतील कित्येक सोई खरोखर उपयोगाच्या आहेत, हें प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे. पण ज्याला आपल्या भाषेंतील '४२ चा लढा' असा आंकडा आधीं लोपचिन्ह देऊन लिहावयाचा असतो त्यानें पाहावें. तें चिन्ह उलट्या तोंडानें, अवतरण सुरू झाल्यासारखें उभें राहातें. यंत्राचा नियम एवढाच कीं, जागेनंतर चिन्ह आलें म्हणजे तें अवतरणाचा आरंभ. लोप आणि अवतरण हा भेद त्याच्या गांवींही नाहीं.

ह्याच लहान लहान आगाऊपणांतील एकानें अमेरिकेच्या राजकारणांत केवढा गहजब केला पाहा. इंग्रजींत क्रमवाचक आंकड्यापुढें 'टीएच्' हीं दोन अक्षरें लावतात. वर्ड तीं बारीक करून ओळीच्या वर उचलून बसवितो. ८ सप्टेंबर २००४ रोजीं, अध्यक्षीय निवडणूक दोन महिन्यांवर आली असतां, सी. बी. एस. ह्या दूरचित्रवाणी-संस्थेनें कांहीं कागद जाहीर केले. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश ह्यांच्या तरुणपणच्या टेक्सासमधील लष्करी नोकरीविषयींचीं टिपणें तीं. त्यांवर तारखा १९७२-७३ च्या आणि लिहिणारे म्हणून १९८४ सालीं वारलेले लेफ्टनंट कर्नल जेरी किलियन ह्यांचें नांव. कांहीं तासांतच लोकांनीं शंका काढली: १९७३ च्या कचेरींतील टाइपरायटरवर तीं दोन अक्षरें वर आणि बारीक कशीं? अक्षरांची रुंदी कमीजास्त कशी? कोणी तोच मजकूर वर्डमध्यें, कोणतीही मांडणी न बदलतां, जसा येईल तसा टाइप केला, तर ओळी त्याच शब्दावर मोडल्या! तसलीं अक्षरें काढणारीं यंत्रें १९७३ सालीं मुळींच नव्हतीं असें नाहीं. पण लष्करी कचेरींत तीं असावीं हें कठीण, आणि हातीं होत्या त्या केवळ नकलांच्या नकला, मूळ कागद नव्हेत. २० सप्टेंबरला संस्थेनें, हे कागद अस्सल असल्याचें आपणांस सिद्ध करतां येत नाहीं, असें कबूल केलें. पुढील जानेवारींत चौकशी-मंडळाचा अहवाल आला. वृत्तांत तयार करणारी निर्माती नोकरीवरून गेली, तिघां वरिष्ठांना राजीनामे मागितले गेले, आणि मार्चमध्यें नामांकित वृत्तनिवेदक डॅन रॅदर ह्यांनीं चोवीस वर्षांची जागा सोडली. कागद कोणी केले हें त्या अहवालानेंही सांगितलें नाहीं. कोणाच्याही हातून न लिहिली गेलेली, यंत्रानें आपण होऊन केलेली मांडणी साक्षीदार म्हणून उभी राहिली, असा हा चमत्कार.

विज्ञानाच्या क्षेत्रांत ह्याहून विचित्र प्रकार घडला. वर्डचा भाऊ जो एक्सेल, तो आंकड्यांच्या कोष्टकांचा कार्यक्रम. तारखेसारखें कांहीं दिसलें कीं तो त्याची तारीख करून टाकतो. मनुष्याच्या शरीरांतील कित्येक जनुकांचीं संक्षिप्त नांवें 'मार्च १', 'सेप्ट २' अशीं होतीं. कोष्टकांत तीं लिहितांच त्यांची १ मार्च आणि २ सप्टेंबर होई. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत, अशीं कोष्टकें जोडलेल्या निबंधांपैकीं सुमारें एक पंचमांशांत हे दोष आढळले. अखेर २०२० सालीं जनुकांना नांवें देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनें जनुकांचींच नांवें बदललीं! यंत्राला वळण लावण्यापेक्षां निसर्गाच्या वस्तूंचें पुन्हां बारसें करणें शास्त्रज्ञांना सोपें वाटलें. ही लहर बंद करण्याची सोय त्या कार्यक्रमांत आली ती २०२३ सालीं.

आतां माझें प्रकरण. युनिकोड नांवाची सर्व लिप्यांची समाईक व्यवस्था आपल्याकडे रुळण्यापूर्वीं मराठी टाइप करण्याची रीत मोठी कपटाची होती. संगणकाला वाटे कीं, आपण इंग्रजी अक्षरें सांठवीत आहों. टाइपाचा सांचा मात्र असा केलेला असे कीं, इंग्रजी अक्षराच्या जागीं देवनागरी चित्र उमटावें. लहान अक्षराच्या जागीं एक चित्र, मोठ्या अक्षराच्या जागीं निराळेंच. लिहिणाराला मराठी दिसे, यंत्राला अर्थहीन इंग्रजी दिसे. अशा मजकुरावर इंग्रजीसाठीं केलेली दुरुस्ती धांवूं लागली म्हणजे काय होईल, हें आपणच ताडा. परिच्छेदाचें पहिलें अक्षर मोठें करावयाचें, हा तिचा नियम. तें मोठें झालें कीं, मराठींत भलतेंच अक्षर उभें. शब्दारंभीं दोन मोठीं अक्षरें आलीं कीं दुसरें लहान करावयाचें, हाही नियम. तेथें दुसरा घोटाळा.

आमच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका निघाली तेव्हां मुद्रितशोधनाचें काम मजकडे होतें. तीनदां प्रूफें तपासलीं. शेवटच्या दिवशीं टंकलेखन-केंद्रांत बसून दिवंगत शिक्षकांच्या स्मरणाच्या पानावर मीं एका नांवामागें 'कै.' घालावयास सांगितलें, तें पडद्यावर घातलेलें पाहिलें आणि उठलों. नांव स्वतंत्र ओळीवर होतें. यंत्राच्या दृष्टीनें तो नवा परिच्छेद. माझी पाठ वळल्यावर पट्टी दाबली गेली आणि पहिलें अक्षर बदललें. बदललेल्या अक्षराशेजारीं पुढचें अक्षर आल्यानें जो शब्द झाला तो येथें उच्चारण्याजोगा नाहीं. पांचशें प्रती छापून आल्या. ते गृहस्थ माझे पंचवीस वर्षांचे सहकारी. समारंभाला त्यांच्या पत्नी पहिल्या रांगेंत बसणार होत्या. आदल्या रात्रीं दिवाणखान्यांत सतरंजी घालून, खळ करून, मीं व माझ्या दोघां जुन्या विद्यार्थ्यांनीं पांचशें प्रतींवर नांवाच्या चिठ्ठ्या चिकटविल्या. पहांटे चार वाजले. पोथी लिहिणाऱ्याची हरताळ ती हीच, फक्त पांढऱ्या कागदाची. त्या बाईंनीं प्रत हातीं घेतली, त्या चिठ्ठीवरून बोट फिरविलें, आणि कांहीं विचारलें नाहीं. यंत्रानें आपण होऊन केलेला बदल, तो झाल्या क्षणीं 'पूर्ववत्'ची कळ एकदां दाबली तर तेवढाच मागें फिरतो, बाकीचें लिहिलेलें तसेंच राहातें, हें मला पुष्कळ दिवसांनीं कळलें. पण त्यासाठीं पडद्याकडे पाहात बसलें पाहिजे.

यंत्राची सगळीच स्वयंस्फूर्ति वाईट, असें मात्र मी म्हणणार नाहीं. आज युनिकोडमध्यें आपण 'कि' लिहितांना आधीं क आणि मग ऱ्हस्व वेलांटी टाइप करतों. वेलांटी कागदावर क च्या आधीं नेऊन बसविण्याचें काम यंत्र करतें. उच्चाराचा क्रम आपला, दिसण्याचा क्रम त्याचा. पुण्याला १९८८ सालीं स्थापन झालेल्या सी-डॅक ह्या संस्थेनें भारतीय लिप्यांसाठीं जीं साधनें केलीं तीं ह्याच तत्त्वावर. आणि युनिकोडमधील देवनागरीची रचनाही १९८८ च्या भारतीय संकेतावरूनच घेतलेली आहे. 'दर्या' आणि 'दऱ्या' ह्यांतील रफार निराळा. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरांमधल्या. लिहिणारानें कोणता र टाइप केला तें पाहून यंत्र योग्य तें रूप काढतें. येथें त्यास तर्क करावा लागत नाहीं. आपण काय लिहिलें तें आपण सांगितलेलें असतें.

गेल्या वर्षीं शाळेच्या इतिहासाची पुस्तिका तयार करावयाची ठरली, तेव्हां मीं हट्ट धरला कीं, प्रत्येक मथळ्यास 'मथळा' हें नांव लावूनच लिहावयाचें. नव्या कारकून बाई हुशार. त्यांनीं दोन दिवसांत सर्व पानें त्याप्रमाणें केलीं. मग अनुक्रमणिकेची आज्ञा दिली, आणि एकशेंचाळीस पानांचे सारे मथळे, त्यांचे पृष्ठांक, एका क्षणांत पडद्यावर उभे राहिले. आम्ही दोघेही पाहातच राहिलों. सातव्या आणि आठव्या प्रकरणांमध्यें मात्र एक नोंद कोरी होती; नांव नाहीं, नुसता पृष्ठांक. शोधतां शोधतां सांपडलें तें असें: तेथें एक रिकामी ओळ होती, आणि जागा सुटावी म्हणून कोणीं तरी तिलाही मथळा करून ठेवलें होतें.